खबीबच्या २९-० चे मोल किती, आणि त्याच्या कोणत्या लढती पाहाव्यात

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. मिश्र मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा आणि कुस्ती सारे चालणारा पिंजऱ्यातला खेळ) लढणारा रशियाचा खबीब नुरमागोमेदोव याचा २९-० (२९ विजय, एकही पराभव नाही) हा अपराजित विक्रम पाहून त्याला लाइटवेट गटातील सर्वश्रेष्ठ लढवय्या मानावे, की ऐन भरात निवृत्त झाल्यामुळे आणि त्याच गटातल्या टोनी फर्ग्युसन या तगड्या प्रतिस्पर्ध्याशी एकदाही न लढल्यामुळे तो विक्रम फुगलेला समजावा, हा पहिला प्रश्न. त्याचा खेळ समजून घ्यायचा तर नेमक्या कोणत्या लढती पाहाव्यात, हा दुसरा. मी या खेळाकडे बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. समोरच्याला पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असायचे, त्याने त्याचीच महिनोन्महिने तयारी केलेली असायची आणि तरीही ते त्याला टाळता यायचे नाही. खबीबचे मोठेपण मला आकड्यापेक्षा इथे अधिक दिसते.

तरी आकड्याची फोड करून पाहणे आवश्यक आहे. २९ पैकी १६ विजय यूएफसी या खेळाच्या सर्वांत मोठ्या अमेरिकी संस्थेत येण्यापूर्वीचे, म्हणजे २००८ ते २०११ या काळात रशिया आणि युक्रेनमधील छोट्या-मोठ्या स्पर्धांत मिळवलेले आहेत. त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी आज कोणाला आठवत नाहीत आणि आठवावेत असे कारणही नाही. उरलेले १३ विजय यूएफसीतील आहेत. २० जानेवारी २०१२ रोजी कमाल शालोरसविरुद्ध त्याने यूएफसीत पदार्पण केले आणि तिसऱ्या फेरीत मागून गळा आवळून ती लढत जिंकली. त्याच वर्षी जुलैत ग्लेसन तिबाऊशी झालेली लढत मात्र त्याच्या निस्सीम चाहत्यांनीही पुन्हा पाहावी. तिबाऊला तो एकदाही खाली पाडू शकला नाही. परीक्षकांनी त्याला एकमताने विजयी ठरवले खरे, पण निकाल उलटा लागला असता तरी मला आश्चर्य वाटले नसते. विक्रमातले शून्य त्या रात्री बरेच डळमळीत होते, हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

आता हा खेळ आला कुठून ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ रोजी रशियातील दागेस्तानच्या डोंगराळ त्सुमादा भागातील सिल्दी या गावी, अवार या तिथल्या समाजातील कुटुंबात झाला. वडील अब्दुलमनाप स्वतः कुस्तीगीर होते, सैन्यात असताना ज्युदो आणि साम्बो (रशियन कुस्ती) शिकले होते, आणि पुढे प्रशिक्षक झाले. त्यांनी घराच्या तळमजल्यावरच तालीम सुरू केली आणि त्या तालमीत खबीब भावंडांसोबत आणि गावातल्या मुलांसोबत वाढला. आधी कुस्ती, पंधराव्या वर्षापासून ज्युदो, सतराव्या वर्षापासून कॉम्बॅट साम्बो असा त्याचा क्रम होता. लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतानाची त्याची चित्रफीत सर्वांनी पाहिलेली असते. त्याविषयी मी एवढेच म्हणेन की तिने त्याच्या प्रसिद्धीत भर घातली, खेळाविषयी ती काहीच सांगत नाही. खरी शिदोरी होती ती दागेस्तानातील फ्रीस्टाइल कुस्तीची. अब्दुलरशीद सादुलायेवसारखा ऑलिंपिक विजेता देणारा हा प्रदेश आहे आणि तिथे जिल्हास्तरावर टिकणे हीच मोठी परीक्षा असते. कॉम्बॅट साम्बोत पकडी आणि फेकींबरोबर ठोसे, लाथा, गळा आवळणे आणि सांधे पिरगाळणे या साऱ्यांना मुभा असते. त्यामुळे पाडणे आणि मारणे या दोन वेगळ्या विद्या आहेत असे त्याला कधी शिकवलेच गेले नाही. २००९ आणि २०१० मध्ये तो कॉम्बॅट साम्बोचा विश्वविजेता ठरला.

आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात पाठ टेकल्यावर लढत चालूच राहते, आणि खबीबचे खरे काम तिथूनच सुरू होई. तो आधी समोरच्याला जाळीकडे रेटत नेई. मोकळ्या जागेत पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, प्रतिस्पर्ध्याला पाय मागे फेकून सुटता येते. पाठीशी जाळी असली की मागे जायला जागाच राहत नाही. एकेरी पट अडला तर तो तिथेच कमरेला मिठी घाली, मिठी सैल झाली तर पायात पाय अडकवी, आणि तेही फसले तर पुन्हा पटावर येई. या हालचालींत खंड पडत नसे. एकदा समोरचा जाळीला टेकून बसला की खबीब आपल्या पायांनी त्याच्या दोन्ही पायांना वेढा घाली. ज्या हातावर भार देऊन तो उठू पाहील, त्या हाताचे मनगट पकडून ते पाठीमागे खेचून धरी आणि मोकळ्या हाताने ठोसे मारी. उठायचे तर हात टेकावा लागतो, हात टेकला तर मनगट जाते आणि तोंड उघडे पडते, आणि वळून गुडघ्यांवर यावे तर पाठ देऊन गळा धोक्यात येतो. तीनही वाटांवर तो आधीच उभा असे. मे २०१३ मध्ये एबल ट्रुहियोला त्याने तीन फेऱ्यांत २१ वेळा खाली पाडले. यूएफसीतील तो विक्रम होता. मात्र त्या लढतीसाठी ठरलेले वजन त्याला गाठता आले नव्हते, हेही सोबत नोंदवले पाहिजे.

वजनाचा आणि दुखापतींचा विषय त्याच्या कारकिर्दीत सतत डोके वर काढतो. एप्रिल २०१४ मध्ये त्याने राफाएल डोस आंजोसला तीनही फेऱ्यांत निष्प्रभ केले. तोच डोस आंजोस मार्च २०१५ मध्ये यूएफसीचा लाइटवेट विजेता झाला. म्हणजे जगज्जेता होण्याच्या तोडीचा खेळ खबीबकडे २०१४ मध्येच होता, पण पट्टा हाती यायला २०१८ उजाडले. मधली दोन वर्षे, एप्रिल २०१४ ते एप्रिल २०१६, गुडघा आणि बरगड्यांच्या दुखण्यांत पूर्ण वाया गेली. मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना त्याची प्रकृती बिघडली आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. लाइटवेट गटाची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे साधारण ७०.३ किलो आहे. एरवी त्याहून बराच जड असणाऱ्या खबीबला ती गाठणे प्रत्येक वेळी जिवावर येई. त्याचे टीकाकार त्याच्या कारकिर्दीला आखूड म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नसते. त्या आखूडपणात शरीराचा वाटा फार मोठा होता, इतकेच.

फर्ग्युसनबाबत मात्र मी खबीबला दोष देणार नाही. ही लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. २०१५ च्या डिसेंबरात खबीबची बरगडी दुखावली, २०१६ च्या एप्रिलमध्ये फर्ग्युसनच्या फुप्फुसात पाणी झाले, २०१७ मध्ये खबीब वजनापायी रुग्णालयात गेला, २०१८ च्या एप्रिलमध्ये फर्ग्युसन तारेला अडखळून गुडघा दुखावून बसला, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे प्रवासच बंद झाला. दोष वाटायचाच झाला तर तो दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. पुढे ९ मे २०२० रोजी जस्टिन गेथजीने फर्ग्युसनला पाचव्या फेरीत असे हरवले की त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही, आणि सलग हरतच गेला. त्याच गेथजीला खबीबने पाच महिन्यांनी दुसऱ्याच फेरीत संपवले. यावरून खबीबने फर्ग्युसनलाही हरवलेच असते असे सिद्ध होत नाही, कारण या खेळात असे त्रैराशिक चालत नाही. पाठीवर पडूनही कोपरांनी रक्त काढणारा फर्ग्युसन २०१६ किंवा २०१७ मध्ये त्याला सर्वांत अवघड गेला असता, असे माझे मत आजही आहे.

७ एप्रिल २०१८ रोजी ब्रुकलिनमध्ये त्याला पट्टा मिळाला, त्याची हकिगत विचित्र आहे. फर्ग्युसन बाद झाल्यावर खालच्या वजनगटाचा विजेता मॅक्स हॉलोवे याला आणले गेले. त्याला न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने वजन मोजण्याच्या दिवशी थांबवले, आणि शेवटी एका दिवसाच्या सूचनेवर अल आयाक्विंटा उभा राहिला, जो एरवी घरांच्या खरेदी-विक्रीची दलालीही करत असे. त्याचे वजन मर्यादेपेक्षा ०.२ पौंड जास्त भरल्यामुळे जिंकला असता तरी पट्टा त्याला मिळणार नव्हता. अशा लढतीतून आलेल्या विजेतेपदाकडे संशयाने पाहणे रास्तच होते. त्यापुढच्या तीन लढतींनी मात्र तो संशय फेडला.

त्यांतली पहिली आयर्लंडचा माजी विजेता कॉनर मॅक्ग्रेगर याच्याशी, ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगासला झाली. त्या आधी एप्रिलमध्ये मॅक्ग्रेगरने खबीब बसलेल्या बसवर लोखंडी हातगाडी फेकली होती, आणि पुढचे काही महिने त्याचा धर्म, त्याचे वडील आणि त्याचा देश यांवर यथेच्छ चिखलफेक केली होती. ही लढत पैसे मोजून पाहणाऱ्यांची संख्या सुमारे २४ लाख सांगितली गेली, जी यूएफसीच्या इतिहासात सर्वाधिक आहे. दुसऱ्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशाने खबीबने मॅक्ग्रेगरला खाली बसवले. तिसरी फेरी मात्र मॅक्ग्रेगरकडे गेली, आणि चौथ्या फेरीत जबडा व मान आवळली जाताच त्याने थापटून हार मानली. त्यानंतर खबीबने जाळीवरून उडी टाकून मॅक्ग्रेगरच्या सहकाऱ्यावर झेप घेतली. नेवाडाच्या आयोगाने त्याला नऊ महिन्यांची बंदी आणि ५ लाख डॉलरचा दंड ठोठावला, आणि ते योग्यच झाले. आयुष्यभर शिस्तीचे धडे देणाऱ्या अब्दुलमनाप यांनी आपण मुलाला यूएफसीपेक्षा कडक शिक्षा करू असे जाहीर केले होते. पुढे उल्यानोव्स्कच्या भेटीत रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीच त्यांना फार कठोर होऊ नका असे सुचवले, तेव्हा प्रकरण निवळले. या विजयाचे वजन करताना एक गोष्ट विसरू नये: मॅक्ग्रेगर नोव्हेंबर २०१६ नंतर पिंजऱ्यात उतरलेला नव्हता. म्हणून मी स्वतः ही त्याची सर्वांत गाजलेली लढत मानतो, सर्वोत्तम नव्हे.

दुसरी ७ सप्टेंबर २०१९ रोजी अबू धाबीत डस्टिन पोरिएशी झाली. पोरिएने त्याच वर्षी हॉलोवेला हरवून हंगामी विजेतेपद मिळवले होते. तिसऱ्या फेरीत त्याने गिलोटिन (समोरून मान काखेत धरून आवळण्याचा डाव) इतके घट्ट लावले की क्षणभर निकाल फिरेल असे वाटले. खबीब मान सोडवून वर आला आणि थोड्याच वेळात पोरिएच्या पाठीवर बसून गळा आवळला. अमेरिकेचा व्हिसा मिळत नसल्याने वडिलांना आजवर यूएफसीतील त्याच्या कोपऱ्यात उभे राहता आले नव्हते. अबू धाबीत ते शक्य झाले. अमेरिकेतील सॅन होजेमध्ये खबीबला घडवणारे प्रशिक्षक हाविएर मेंडेझही नेहमीप्रमाणे सोबत होते. मुलाने तिसावी लढत यूएफसीचा माजी विजेता जॉर्ज सेंट-पिएर याच्याशी लढून थांबावे, अशी अब्दुलमनाप यांची योजना होती. ती अपुरी राहिली. करोनानंतरच्या गुंतागुंतीतून ३ जुलै २०२० रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

तिसरी लढत २४ ऑक्टोबर २०२० ची, पुन्हा अबू धाबीत. गेथजी हा अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीतील अव्वल दर्जाचा मल्ल होता, म्हणजे खाली पडणे टाळण्याचे शिक्षण त्याच्याइतके क्वचितच कोणाकडे होते. तरीही दुसऱ्या फेरीत खबीबने त्याला पाडले, छातीवर बसला आणि तिथून पायांचा त्रिकोण करून गळा आवळला. गेथजीने थापटलेले पंचाच्या वेळीच लक्षात आले नाही आणि तो बेशुद्ध झाला. गेथजीचे आईवडील समोर बसलेले असल्यामुळे हात मोडायचा नव्हता, म्हणून खबीबने त्रिकोण निवडला, असे त्याच्याच तालमीतला माजी विजेता डॅनिएल कॉर्मिए याने नंतर सांगितले. त्यानंतर पिंजऱ्यातच, वडिलांशिवाय लढणार नाही असा शब्द आईला दिल्याचे सांगून तो थांबला. वय ३२. मार्च २०२१ मध्ये यूएफसीने ती निवृत्ती अधिकृतपणे मान्य केली.

म्हणजे विजेता म्हणून त्याने पट्टा केवळ तीनदा राखला, पण तीनही वेळा समोरच्याला हार मानायला लावून किंवा बेशुद्ध करून राखला, आणि त्यांतील दोघे त्या क्षणी हंगामी विजेते होते. त्याच तालमीत वाढलेल्या इस्लाम मखाचेवने ऑक्टोबर २०२२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेराला हरवून पट्टा घेतला, चार वेळा राखला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वरच्या गटाचेही विजेतेपद मिळवले. कर्तृत्वाची यादी मांडली तर मखाचेव पुढे आहे, आणि उभ्याने लढण्यात तो निर्विवादपणे सरस आहे. पण मखाचेव २०१५ मध्ये एकदा बेशुद्ध होऊन हरला आहे आणि खालच्या गटातून आलेल्या अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीशी पहिल्या लढतीत बराच अडचणीत आला होता. लाइटवेटच्या मर्यादेत एका रात्रीपुरता एकच निवडायचा झाला तर मी खबीबला निवडेन. दहा वर्षांची कारकीर्द निवडायची झाली तर मखाचेवला.

आता पाहण्याविषयी. मॅक्ग्रेगरपासून सुरुवात करू नका, कारण तिथे गोंगाटच जास्त आहे. आधी नोव्हेंबर २०१६ ची मायकेल जॉन्सनविरुद्धची लढत पाहा. पहिल्या फेरीत जॉन्सनच्या डाव्या हाताने खबीब चांगलाच हलतो, त्याचा उभ्याने बचाव किती कच्चा होता ते तिथे कळते, आणि मग खाली दाबून मारता मारता तो जॉन्सनला हार मान म्हणून समजावत असतो. त्यानंतर ३० डिसेंबर २०१७ ची एडसन बार्बोझाविरुद्धची पाहा. बार्बोझा लाथांचा बादशहा, पण लाथेला लागणारे अंतरच त्याला मिळत नाही. ही लढत पाहताना ठोशांकडे न पाहता खबीबच्या पायांकडे पाहा. मग डोस आंजोस, मग पोरिए, शेवटी गेथजी. तिबाऊची लढत या सगळ्यांनंतर पाहिली तर त्या रात्री नेमके काय अडत होते हे आपोआप लक्षात येईल: तिबाऊ त्याच्याहून दांडगा होता, मिठी बसण्याआधीच कंबर मागे घेत होता, आणि तेव्हाच्या खबीबकडे पहिला पट फसल्यावर लगेच दुसरा डाव टाकण्याची सवय अजून पुरती आलेली नव्हती.