'नस झाकली' म्हणावं की 'कॅप बसवली'?

राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलीची दाढ किडली होती, कीड काढताना नस उघडी पडली. डॉक्टरांच्या कागदावर 'पल्प कॅपिंग' असं लिहिलंय, तर आजी सगळ्यांना 'दाढेत सिमेंट भरलं' असं सांगत फिरतात. मराठीत नेमकं काय म्हणायचं? 'दंतटोपण' चालेल का?

टोपण नकोच. आपल्याकडे 'कॅप बसवली' म्हटलं की रूट कॅनॉलनंतर दातावर चढवलेलं कवच डोळ्यांपुढे येतं. इथे उलट रूट कॅनॉल टळावं म्हणून धडपड असते. पुस्तकी शब्द 'दंतमज्जा', पण कोल्हापुरात तिला नसच म्हणतात. त्या मऊ गरात रक्तवाहिन्याही असतात हे खरं, तरी ठणकते ती नस. 'नस झाकली' म्हणा, कुणालाही कळेल.

आजींचा 'सिमेंट' शब्द मात्र मला भलताच आवडला, कारण तो बरोबरही असू शकतो. नस झाकायला पूर्वापार वापरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. १९२० साली जर्मनीत हेर्मान यांनी तो दंतवैद्यकात आणला. तो जहाल अल्कधर्मी असल्यामुळे नसेचा वरचा पातळ थर जळतो आणि त्याखाली दात स्वतःच नवा कठीण पडदा धरतो. पण त्या पडद्यात बारीक भोकं राहतात, आणि चुनाही भरणीखाली हळूहळू विरघळत जातो. (तंबाखूच्या डबीतला चुना दाढेत कोंबायचा विचार कुणाच्या मनात आला असेल, तर तोंड भाजेल.)

नस झाकायचं दुसरं द्रव्य एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी ते पुढे आणलं, १९९३ पासून त्यावरचं लेखन प्रसिद्ध होऊ लागलं. त्याचा पाया चक्क बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटचा! एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. ते ओलाव्यातही घट्ट होतं, विरघळत नाही, पडदाही जास्त सलग धरतो. म्हणून उघड्या नसेवर आज चुन्यापेक्षा याचं पारडं जड आहे. खोड दोनच: घट्ट व्हायला तीनेक तास लागतात आणि दात काळवंडू शकतो. दाढेचं एक वेळ चालेल, पुढच्या दाताचं काय?

त्यावर बायोडेंटीन निघालं. तेही त्याच कुळातलं, पण बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड घातलेलं, सुमारे बारा मिनिटांत घट्ट होणारं. हे कंपनीनं ठेवलेलं नाव आहे, त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये.

तेव्हा कागदावर एमटीए किंवा बायोडेंटीन असेल तर आजींना दुरुस्त करू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइड असेल तर 'चुना लावला' हे रसायनदृष्ट्या अचूक, पण डॉक्टरांसमोर म्हणू नका.