वाचकांचे प्रश्न : शेततळ्यांवरचा कोणता अभ्यास खरा मानावा?

प्रश्न : आमच्या गावात (ता. अंबड, जि. जालना) मोसंबीच्या बागांसाठी गेल्या काही वर्षांत बरीच शेततळी झाली. शेततळ्यांमुळे शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले, असे अभ्यासाचा हवाला देऊन एका व्याख्यानात सांगण्यात आले. शेततळ्यांमुळे भूजल खालावते, असे दुसरीकडे वाचले. अभ्यास दोन्हीकडे जाणकारांचेच आहेत. मग विश्वास कोणावर ठेवावा? आणि टॅबलेट घेऊन गावात माहिती विचारायला येणाऱ्या मुलामुलींना आम्ही काय विचारावे?

उत्तर : दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात. पहिला बहुधा तळे असलेल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडतो आणि दुसरा संपूर्ण शिवाराचा.

राज्य शासनाने 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, तेव्हा पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून ते खंडाच्या काळात पिकाला द्यावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला जातो आणि विहिरीला किंवा बोअरला पाणी असते त्या दिवसांतच मोटार लावून तळे भरून घेतले जाते. शेततळ्यांच्या या वापरावर संशोधक ईश्वर काळे यांनी 2017 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकातील लेखात बोट ठेवले होते. ज्याचे तळे आहे त्याची बाग उन्हाळ्यात तगते, हे उघड आहे आणि त्यात त्याचा दोषही नाही. मे महिन्यात झाडे वाळताना ज्याने पाहिली आहेत, तो हेच करील. मात्र आपल्याकडच्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या खडकात पाणी साठायला मुळातच जागा थोडी असते आणि ते पाणी आजूबाजूच्या सगळ्या विहिरींचे असते. ते उपसून उघड्यावर साठवले की सामाईक पाणी खासगी होते, आणि त्यातले काही कोणाच्याच उपयोगी न पडता उडून जाते. बांधावर उभे राहून हिशेब करून पाहा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे उतरत्या बाजूंचे तळे काठोकाठ भरले, तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. कडक उन्हात रोज 7 मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी भरलेल्या तळ्यातून दिवसाला 6,300 लिटर जातात. म्हणजे वस्तीवरचा एक छोटा टँकर रोज हवेत. ज्या शेजाऱ्याची विहीर जानेवारीतच तळाला गेली, त्याच्याकडे तळे नसल्यामुळे तो पहिल्या अभ्यासाच्या यादीत आलेलाच नसतो.

उत्पन्नाचे आकडे वाचताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. या योजनेत अनुदान जास्तीत जास्त 50,000 रुपये होते. वरचा खर्च आणि प्लॅस्टिकच्या कागदाचा भार ज्याला पेलवतो, त्याच्याकडे विहीर, वीजजोडणी आणि तळ्यात अडकवता येईल एवढी जमीन बहुधा आधीपासूनच असते. त्याची तुलना कोरडवाहू शेजाऱ्याशी केली, तर मूळच्या सुस्थितीचे श्रेयही तळ्याला मिळते. दुसरी गोष्ट पावसाची. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. या दोन टोकांमधला फरक मोजला, तर त्या काळात राबवलेली कोणतीही योजना यशस्वीच ठरेल.

चिठ्ठ्या टाकून काहींना लाभ द्यावा, काहींना देऊ नये आणि मग दोघांची तुलना करावी, या प्रयोगपद्धतीसाठी 2019 साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मूळच्या सुस्थितीची अडचण या पद्धतीने सुटते. पण एकाच्या उपशाने दुसऱ्याची विहीर आटत असेल, तर ज्याच्याशी तुलना करायची तोच शेतकरी बाधित झालेला असतो, आणि तळ्याचा लाभ आहे त्याहून मोठा दिसतो. म्हणून अशा विषयात तुलना गावागावांची किंवा पाणलोटांची करावी लागते.

गावात येणाऱ्या मुलामुलींना तीन गोष्टी विचारा : तळे नसलेल्यांची, विशेषतः तळ्याच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्यांची घरे यादीत आहेत का; विहिरींची पातळी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात अशी दोनदा मोजणार का; आणि निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढे कधी मांडणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलांच्या हाती नसते, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकांचा फोन नंबर मागून घ्या.