ठिपके सरकतात, विस्थापन वस्तूचे होते

नागपूरच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: लेसरच्या ठिपक्यांच्या (खडबडीत पृष्ठभागावर लेसर पडला की दिसणाऱ्या कणीदार नक्षीच्या, म्हणजे स्पेकलच्या) प्रतिमांवरून डिस्प्लेसमेंट मोजणाऱ्या संगणकीय पद्धतींची तुलना मराठीत लिहायची, तर 'विस्थापन' लिहावे की 'सरकणे'? विदर्भात 'विस्थापित' म्हटले की गोसीखुर्द धरणाचे प्रकल्पग्रस्तच डोळ्यांपुढे येतात, ही त्यांची अडचण.

ती अडचण मनातून काढा. नववीच्या विज्ञानापासून 'अंतर' आणि 'विस्थापन' ही जोडी रुळली आहे, आणि विस्थापन ही सदिश राशी आहे हे वाचकाला ठाऊक असते. पण 'सरकणे'ही टाकू नका. तुमच्या विषयाला हे दोन्ही शब्द लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत.

कॅमेऱ्याला दिसते ते ठिपक्यांचे सरकणे, तेही पिक्सेलमध्ये. वस्तूचे विस्थापन त्यावरून काढावे लागते. पिक्सेल 3.45 मायक्रोमीटरचा आणि विशालन 0.1 (प्रतिमा वस्तूच्या एक दशांश) असेल, तर ठिपके एक पिक्सेल सरकले म्हणजे वस्तू 34.5 मायक्रोमीटर हलली. शिवाय फोकस थोडा चुकलेला असेल, तर पृष्ठभाग जागेवरच किंचित कलला तरी ठिपके सरकतात. अशा वेळी 'विस्थापन 2 पिक्सेल' हे वाक्य नुसते ढिसाळ नाही, चुकीचे आहे.

पद्धतींचे वर्णनही याच काटेकोरपणे करा. सहसंबंध (कोरिलेशन), म्हणजे दोन प्रतिमा किती जुळतात ते मोजणाऱ्या, पद्धतीत पहिल्या प्रतिमेतली 32 × 32 पिक्सेलची चौकट दुसऱ्या प्रतिमेत शोधतात. हाती येते ते त्या अख्ख्या चौकटीचे सरासरी सरकणे, एकेका ठिपक्याचे नव्हे. प्रत्येक चौकटीतून सरासरी तीव्रता वजा करून प्रमाणित केलेला सहसंबंध घेतला, तर लेसरचा उजेड कमीजास्त झाल्याने फारसे बिघडत नाही. वेळ मात्र जास्त लागतो. फूरिये रूपांतराने (प्रतिमा लहरींच्या बेरजेत मांडणाऱ्या गणिताने) तेच काम झपाट्याने होते, पण ते चौकटीच्या कडा एकमेकींना जोडलेल्या धरते. त्यामुळे सरकणे अर्ध्या चौकटीपलीकडे गेले की उत्तर उलट्या दिशेचे येते. चौकटीच्या पाव भागाच्या, म्हणजे इथे 8 पिक्सेलच्या, आत राहणे बरे. 1981 साली मांडलेली लुकस-कानडे ही ऑप्टिकल फ्लो (तीव्रतेतल्या बदलावरून सरकणे काढणारी) पद्धत एका पिक्सेलच्या आतल्या सरकण्याला उत्तम. पण ठिपक्याची तीव्रता दोन्ही प्रतिमांत तीच राहते हे तिचे गृहीतक आहे, आणि लेसरच्या ठिपक्यांत नेमके तेच आधी मोडते.

पिक्सेलच्या अंशापर्यंत जायचे तर सहसंबंधाच्या शिखराभोवती (जुळणी सर्वात जास्त असते त्या जागेभोवती) पॅराबोला किंवा गाउसचा वक्र बसवतात. इथे ठिपक्याचा आकार निर्णायक ठरतो. 632.8 नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर, विशालन 0.1 आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ 11 असताना ठिपका सुमारे 9.3 मायक्रोमीटरचा, म्हणजे 2.7 पिक्सेलचा येतो. हे चांगले. अ‍ॅपर्चर एफ 5.6 पर्यंत उघडले तर तो जेमतेम 1.4 पिक्सेलचा उरतो आणि उत्तरे पूर्णांकांकडे ओढली जातात. तुलनेत या दोषाचा उल्लेख हवाच. नाहीतर दोष प्रकाशिकीचा आणि बदनाम होते पद्धत.

तिसरा शब्द आहे 'बदलणे'. ठिपक्यांची नक्षी तीच राहून जागा सोडते तेव्हा ती सरकते. नक्षीच वेगळी होते तेव्हा ती बदलते. ओला रंग सुकताना ती बदलते, आणि वस्तू फार हलली, कलली किंवा ताणली गेली तरीही. मे महिन्यात नागपुरात कूलर चालू ठेवून प्रतिमा घेतल्या, तर पंख्याचा थरथराट टेबलापर्यंत पोचतो आणि गार-गरम हवेचे झोत किरणांच्या वाटेत येतात. वस्तू स्थिर असूनही ठिपके सरकतात आणि बदलतात. म्हणून आधी वस्तू न हलवता, कूलर बंद करून दोन प्रतिमा घ्या. त्यांत जे सरकणे निघेल ती तुमच्या मांडणीची चूकमर्यादा, कोणत्याही पद्धतीची नव्हे.

तक्त्यात 'सरकणे (पिक्सेल)' आणि 'विस्थापन (मायक्रोमीटर)' यांच्या शेजारी 'शिखराची उंची' हाही रकाना द्या. जिथे शिखर बुटके, किंवा दुसरे शिखर जवळपास तेवढेच उंच, तिथे नक्षी बदललेली असते. त्या चौकटीपुढे विस्थापनाचा आकडा न लिहिता रकाना रिकामा सोडा.