आधी बसून खा

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. अकरा ओळी आणि खाली तुझ्या दोन्ही पिझ्झाच्या दुकानांचा एक्सेलचा तक्ता, जुनं एरंडवण्याचं आणि नवी शाखा बाणेरची. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट सगळं ग्रॅममध्ये. गोळा किती तास फ्रिजमध्ये होता ते. ओव्हनचं तापमान, एरंडवण्याची विक्री, बाणेरची विक्री, लोकांनी दिलेले तारे. आणि शेवटी, "काका, सगळं तेच आहे तरी लोक म्हणतात बाणेरला ती मजा नाही. बंद करू का?"

तक्ता मी सकाळी चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात एक रकाना नाही. तू स्वतः बाणेरला बसून कधी खाल्लंस?

बसून म्हणजे खुर्चीवर बसून. ओव्हनसमोर उभं राहून कडेचा तुकडा मोडायचा, फुंकर मारून तोंडात टाकायचा आणि "ठीक आहे, जाऊ दे" म्हणायचं, याला आपल्या धंद्यात चाखणं म्हणतात. मी एकतीस वर्षं चाखलं. खाल्लं मात्र फार थोड्या वेळा, आणि त्याची किंमत मोजली. ते पुढे सांगतो.

तुझ्या उद्घाटनाला आलो नाही म्हणून तू रुसलीस. उद्घाटनाला जाऊन करायचं काय? तिथे पेढे असतात, पाहुणे असतात, मालक दारात उभा असतो. त्या दिवशी कोणाचंही अन्न वाईट लागत नाही. मी आणि काकू गेल्या मंगळवारी गेलो, तुला न सांगता. तू एरंडवण्याला होतीस, ते आधी फोन करून काढून घेतलं. हो, लबाडी केली.

वरच्या मजल्यावर एसीच्या झोताखालचं टेबल मिळालं. पोरगा गुणी होता, दर वाक्याला सर. (त्याला सांग, दोनदा पुरे.) एक मार्गारिटा मागवला. अकरा मिनिटांनी आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्लेटखाली हात लावून पाहिला तर प्लेट गार. पांढरी, जाड, चकचकीत, फोटोत छान दिसणारी प्लेट. एरंडवण्याला तू लाकडी पाटावर देतेस. ओव्हनपासून माझ्या नेहमीच्या टेबलापर्यंत सात पावलं आहेत आणि डोक्यावर पंखा. इथे पिझ्झा आधी काउंटरवर दुसऱ्या पिझ्झ्याची वाट बघत थांबला, मग चौदा पायऱ्या चढला, मग त्या गार प्लेटीसकट एसीखाली येऊन बसला.

पहिला तुकडा तुझ्या हातचा होता. हे मी खोटं बोलणार नाही. कडेला तेच काळे ठिपके, टोमॅटोचा तोच आंबटगोडपणा. दुसराही चांगला. तिसऱ्याला काकू बोलायची थांबली. चौथा उचलला तर चीज सायीसारखं अख्खं सोलून वर आलं आणि खालची पोळी ओली. ओली का, ते तुला कळेल. पोळीतून वाफ निघते, लाकूड ती पिऊन टाकतं, गार काचेसारख्या प्लेटीवर तिचं पाणी होतं. सहावा तुकडा मी खाल्ला, कारण आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही. पण तो तुकडा मी तुझ्यासाठी खाल्ला, भुकेसाठी नाही.

तू तपासतेस पहिला तुकडा. गिऱ्हाईक सहाव्याची चव तोंडात घेऊन घरी जातं. त्याला प्लेट, पायऱ्या, वाफ यातलं काही सांगता येत नाही. ते बिचारं म्हणतं, "तिथे ती मजा नाही." आणि तू त्या "मजे"पायी पिठाचा ब्रँड बदलायला निघालीस!

इटलीतल्या नेपल्सचे लोक याबाबतीत आपल्यापेक्षा हट्टी. १९८४ साली तिथे खऱ्या नेपोलिटन पिझ्झाची संघटना निघाली, तिच्या नियमांत पिठापासून भट्टीपर्यंत सगळं लिहून ठेवलंय. भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. आणि पिझ्झा भट्टीतून निघाल्यावर तिथल्या तिथे खावा, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. हे मला तूच दोन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतंस, एरंडवण्याच्या त्या गॅरेजमध्ये, हाताला पीठ लागलेलं असताना. मग बाणेरला चौदा पायऱ्या बांधताना ते कुठे गेलं?

असो. रागावतोय असं वाटेल. रागावतोयच. पण त्यातला निम्मा राग माझ्यावर आहे.

माझी दुसरी शाखा तुला माहीत नाही. कोणालाच फारशी माहीत नाही. १९९८ साली सिंहगड रोडला, वडगावच्या पुढे, नव्या सोसायट्या उठत होत्या तिथे काढली. पेठेतल्या दुकानात सकाळी सातला रांग असायची, वाटाण्याच्या उसळीसाठी. मला वाटलं, उसळ तीच, मसाला तोच, आचारीही बारा वर्षं माझ्याकडे असलेला, तोच तिकडे पाठवला. सगळं तेच. हे तुझे शब्द आहेत ना? माझेही हेच होते.

तीन महिन्यांत कुरकुर सुरू झाली. "पेठेतली चव नाही." मी रोज अकराला स्कूटरवरून जायचो, गल्ल्याशी उभा राहायचो, पातेल्यात पळी घालून रस्सा तळहातावर घ्यायचो. रस्सा अगदी आपला! वाटाणा मी कधी चावून बघितला नाही. बश्या परत यायच्या त्यात तळाशी वाटाणे उरलेले असायचे, तेही दिसत नव्हते असं नाही. आचारी दोन-तीनदा म्हणाला, "मालक, इथलं पाणी बघा." मला ती सबब वाटली. मी त्याला चार पोरांसमोर विचारलं, गॅस वाचवून काय घरी नेतोस का?

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. उरलेला पगार न्यायलाही आला नाही.

चौदा महिन्यांनी शाखा बंद केली. शेवटच्या दिवशी पोरांबरोबर पाट मांडून बसलो आणि पहिल्यांदा तिथे पोटभर जेवलो. तिसऱ्या घासाला दाताखाली गणंग. मग प्रत्येक घासाला. सोडा घातलेला होता, रात्रभर भिजवलेला होता, तरी वाटाण्याच्या पोटात खडा राहिलेला. पाणी तापवायचा बंब उचलला तर आत क्षारांचा थर, जुन्या रुपयाच्या नाण्याइतका जाड. प्लंबर म्हणाला, "बोअरचं पाणी आहे हे, यात कडधान्य शिजत नाही, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणत्याही बाईला विचारा." पेठेत आम्हाला खडकवासल्याचं पाणी. माझ्या उसळीतला अर्धा मोठेपणा त्या धरणाचा होता आणि मी तो माझ्या मसाल्याच्या नावावर जमा करत होतो.

आचाऱ्याच्या गावी गेलो, राजापूरच्या अलीकडे. त्याने चहा दिला. परत ये म्हणालो, तर म्हणाला, आता आंब्यांचं बघतो. बसलेल्या जागेवरून उठलाही नाही. मी त्या चहाला पंचवीस वर्षं उत्तर शोधतोय.

पुण्याला परतल्यावर पेंटर बोलावला आणि दारावर पाटी लावली, "आमची कुठेही शाखा नाही." तुला ती पाटी फार आवडायची. कॉलेजात असताना तिच्याखाली उभं राहून मैत्रिणींबरोबर फोटो काढला होतास. लोक म्हणायचे, बघा हा पुणेरी माज. मीही हसून तो माज मिरवला. खरं म्हणजे ती जखमेवरची पट्टी होती. आज पहिल्यांदा लिहितोय हे, तुझ्या काकूलाही नीट सांगितलेलं नाही.

पण हेही ऐक. शाखा बंद केली ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. डोक्यावर पतपेढीचं कर्ज होतं, दोन मुली शाळेत होत्या, आणि पेठेतली रांगही मी तिथे नसल्यामुळे आखडायला लागली होती. एका माणसाने दोन चुली किती सांभाळायच्या? टँकर लावला असता तर जमलं असतं, असं माझा मेहुणा म्हणतो. त्याला म्हणायला काय जातं. त्याने कधी दोन कप चहा विकला नाही. मी बंद केली ते बरोबरच केलं. चुकलं ते एवढंच, की बंद करायच्या दिवशी खाल्लं ते उघडल्या दिवशी खायला हवं होतं.

म्हणून तुला "बंद करू का" याचं उत्तर मी देत नाही. विचारू नकोस पुन्हा.

आता ते "सगळं तेच". तुझ्याच तक्त्यात एरंडवण्याचा गॅसवरचा घुमटवाला ओव्हन ४३० अंशाला आहे, दीड मिनिट. बाणेरचा विजेचा, ३४० अंश, साडेतीन मिनिटं. आणि वर लिहितेस सगळं तेच! अगं, साडेतीन मिनिटांत पिठातलं किती पाणी उडून जातं? मी जन्मात पिझ्झा भाजलेला नाही, पण भाकरी मंद तव्यावर ठेवली तर तिची काय गत होते ते मला माहीत आहे. बाणेरचा पिझ्झा दुसरी वस्तू आहे. वाईट असेलच असं नाही. न्यूयॉर्कचे लोक सपाट ओव्हनमध्ये कमी आचेवर जास्त वेळ भाजतात, तुकड्याने विकतात आणि कोणासमोर ओशाळत नाहीत. पण मग पाणी वाढवायचं, गोळा बदलायचा, की त्याला वेगळंच नाव द्यायचं, हे तुझं तू ठरव. ते सहाव्या तुकड्याला जबडा दुखतो की नाही यावर ठरेल. तक्त्यावर नाही.

धाकटी लेक अमेरिकेत कनेक्टिकटला असते, म्हणून आम्ही न्यू हेवनला वूस्टर स्ट्रीटवर गेलो होतो. तिथे फ्रँक पेपे नावाच्या माणसाने १९२५ साली पिझ्झाचं दुकान काढलं, ते अजून चालू आहे. तिथले जुने लोक पिझ्झाला "अबीट्स" म्हणतात. दगडी कोळशाची भट्टी, आणि पिझ्झा पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये कागदावर वेडावाकडा कापून येतो. मी नुसता टोमॅटोचा घेतला. काकू मालवणची, तिने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घातलेला मागवला आणि मला एक तुकडाही दिला नाही. त्या दुकानाने दुसरी शाखा काढली २००६ साली, फेअरफील्ड गावात. म्हणजे ८१ वर्षं थांबून! आणि काढताना जुन्या भट्टीची हुबेहूब नक्कल बांधली. पुढच्या आठवड्यात मुद्दाम तिथेही गेलो. मला काही फरक कळला नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मात्र जावयाला आमच्या लेकीच्या भाषांतरानुसार सांगत होते, की मूळ दुकानाची सर इथे नाही. ट्रे रिकामा झाला होता त्यांचा.

तेव्हा थोडी कुरकुर राहणारच. "तिथे ती मजा नाही" म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक एरंडवण्याच्या गॅरेजमधलं आपलं कॉलेज शोधत असतात. ते तुला बाणेरला बांधता येणार नाही. पण उरलेले निम्मे ओली पोळी खाऊन गेलेत. कोण कुठल्या निम्म्यातला, हे तुला बसून खाल्ल्याशिवाय कळणार नाही. दुसरा रस्ता मला माहीत नाही, असला तरी मी सांगणार नाही.

एकदा मंगळवारी बस आणि एकदा शनिवारी रात्री नऊला, गर्दीत. तेच एसीखालचं टेबल घे. स्वयंपाकघरात डोकावायचं नाही, ओव्हनवरच्या पोराला खूण करायची नाही, फोन पर्समध्ये. अख्खा पिझ्झा, शेवटच्या तुकड्यापर्यंत, सावकाश, जसे गप्पा मारणारे लोक खातात तसा. मधे दहा मिनिटं नुसती बस. बिल दे, पैसे देऊन. मालक फुकट खातो म्हणून त्याला चव कळत नाही, असं आमचे वडील म्हणायचे. आणि त्या ओव्हनवरच्या पोराला काही बोलायच्या आत मला फोन कर. कितीही वाजले असले तरी. चार लोकांसमोर तर मुळीच बोलू नकोस.

लाकडी पाट आणायचे की प्लेटी ओव्हनवर तापत ठेवायच्या, ते बघ तू. पाट आणलेस तर आंब्याचे आणू नकोस, पाण्याने फुगतात. सागवानाचे महाग पडतील, पण टिकतील.

काकू म्हणते, वरच्या मजल्यावर शाल घेऊन यावं लागतं. हेही लिही म्हणाली.

पुढच्या मंगळवारी साडेसातला मी येतोय. या वेळी सांगून. तू समोर बसायचंस, सहा तुकडे, तीन तुझे आणि तीन माझे. शेवटचा तुझा.

आणि हो, आमच्या बिलात पाण्याच्या बाटल्या दोन लावल्या होत्या. आम्ही एकच घेतली.

तुझा,
काका