जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यातून बिअर टेस्टिंगचं पॅडल घरी कसं बनवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात जुनं घर पाडलं, त्यातला सागवानी चौकटीचा एक तुकडा आणि पॅलेटच्या दोन-तीन फळ्या पडून आहेत. हाताशी ड्रिल मशीन आणि हातकरवत आहे. चार छोटे ग्लास बसतील असं, बारमध्ये देतात तसं दांड्याचं लाकडी पॅडल करायचं आहे. लाकूड कोणतं, माप काय, पॉलिश कोणतं?

लाकूड तूर्त बाजूला ठेवा आणि आधी ग्लास विकत आणा. या कामात सगळी मापं ग्लासातून निघतात. लोक पॅडल करून मग ग्लास शोधायला जातात आणि भोकं पुन्हा कोरत बसतात. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले सहा ग्लास घ्या. चार वापरायला, दोन फुटायला. स्वस्त ग्लासांच्या घेरात एकाच खोक्यातही मिलिमीटरभर फरक निघतो, म्हणून सहाही मोजा आणि सगळ्यात जाड निघेल त्याचं माप धरा. १२० ते १५० मिली मावतील एवढा ग्लास पुरे. खाली निमुळता आणि उंच असेल तर नको, दांडा धरून चालताना तो आधी डुलतो.

मोजायचं कुठे, हे महत्त्वाचं. बुडाशी नाही. ग्लास खाचेत जितका खोल बसणार तितक्या उंचीवर मोजायचं. खाच १० मिमीची ठेवणार असाल तर बुडापासून १० मिमी वर कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे खूण करा आणि त्या लांबीला ३.१४ ने भागा. पट्टी १४९ मिमी भरली तर व्यास साडेसत्तेचाळीस. त्याला ५० मिमीचं भोक.

हा दोन-अडीच मिमीचा सैलपणा आपल्याकडे सोडावाच लागतो. मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर जातो, हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा लाकूड आटलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड दमट हवेतली ओल पिऊन फुगतं. फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. सागाच्या १०० मिमी रुंद फळीत उन्हाळा-पावसाळ्याचा फरक साधारण एक मिमी पडतो, म्हणजे ५० मिमीच्या भोकात अर्धा. गोल भोक किंचित लांबट होतं. लाकूड फुगलं की भोकही रुंदीत वाढतं आणि आटलं की आवळतं. पोळ्याच्या सुमारास घट्ट, छान बसलेला ग्लास मे महिन्यात अडकून बसतो तो यामुळे. बाभूळ वापरली तर आणखी थोडी मोकळीक द्या.

आता लाकूड. चौकटीचा साग हा तुमच्याकडचा सगळ्यात चांगला माल. पन्नास वर्षं घरात राहिलेलं लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलेलं असतं, पीळ पडायची भीती कमी. कडेला फिकट, पिवळट पट्टा असेल तर तो काढून टाका. कीड लागते ती तिथेच, आतला तपकिरी गाभा टिकतो. धाब्याच्या घराच्या कड्या कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्याही असतात. चालतात, पण बाभूळ कटर जाळते आणि हाताला घाम फोडते. पॅलेटच्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का बघा. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं), ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते खाण्यापिण्याच्या वस्तूला नको. शिक्काच नसेल, तेलाचे डाग असतील किंवा औषधाचा वास येत असेल, तर सरळ बंबात. सेंट्रिंगच्या फळ्या, एमडीएफ, साधं प्लायवूड यांचा विचारही करू नका. पहिल्यात सिमेंट आणि तेल मुरलेलं असतं, उरलेली दोन पाण्याने फुगतात.

चौकटीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासलं की ते धुळीतून नाकात जातं. रंगाच्या बाजूचा ४-५ मिमीचा थर सॉ मिलमध्येच उतरवून घ्यायचा.

सॉ मिलला जाण्याआधी खिळे काढा. सगळे निघाले असं वाटलं की लोहचुंबक फिरवा, हमखास एक तुटका सापडतो. करवतीच्या पट्ट्याला खिळा लागला तर तुमचं लाकूड पुन्हा कुणी हातात घेणार नाही. खिळ्याभोवती काळा डाग दिसेल, तो लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून झालेला असतो. घासून जात नाही, तेवढा भाग कापात जाईल असं बघा.

तीन बाय चार इंची चौकटीतून १०० मिमी रुंद, १२ मिमी जाड, ५०० मिमी लांब अशा दोन पट्ट्या काढून घ्या आणि रंधा मारून दोन्ही १० मिमीवर आणा. दोन पट्ट्या कशाला? फळीत आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं भोक सपाट बुडाचं पाडायला फोर्स्टनर कटर लागतो. सुताराकडे तो असतो, पण ऑटो हिंजचा (कपाटाच्या बिजागरीचा) ३५ मिमीचा. आपल्याला तो लहान पडतो. ५० चा मुद्दाम आणावा लागेल, आणि हातातल्या ड्रिलने तो सरळ उतरवणं सोपं नाही. त्यापेक्षा वरच्या पट्टीत होल सॉने (ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत) आरपार भोकं पाडा आणि खालची पट्टी बूड म्हणून चिकटवा. बुडाला प्लाय लावायचा मोह होईल. नका लावू. प्लाय हलत नाही, साग हलतो, मग पहिल्याच पावसाळ्यात पॅडल होडीसारखं वाकतं. दोन्ही पट्ट्या एकाच लाकडाच्या आणि दोन्हीचे तंतू लांबीच्या दिशेने, बस्स.

आखणी अशी: एकूण लांबी ४८०, त्यात दांडा १२०, अंग ३६०. पुढच्या टोकापासून पहिल्या भोकाचा मध्य ५० मिमीवर, पुढे दर ८५ वर, म्हणजे ५०, १३५, २२०, ३०५. हे ८५ आलं ग्लासाच्या तोंडावरून: तोंड ६५ मिमी, अधिक बोटं घालायला २०. तुमच्या ग्लासाचं तोंड मोठं असेल तर अंतर आणि लांबी दोन्ही वाढवा. मध्यरेषा गुण्या लावून मारा, डोळ्याच्या अंदाजाने नको. चार भोकांतलं एखादं जरी दोन मिमी सरकलं तरी पॅडल वेडंवाकडं दिसतं. दांडा यापेक्षा लांब करू नका. भरलेलं पॅडल पावणेदोन किलोच्या आसपास जातं आणि वजन मनगटापासून जितकं दूर तितका हात लवकर भरतो.

भोकं आधी, आकार नंतर. हा क्रम मोडू नका. चौकोनी पट्टी शिकंज्यात नीट धरता येते, दांडा कापल्यावर धरायला जागाच उरत नाही. होल सॉवर ५० लिहिलेलं असलं तरी हातातल्या ड्रिलने भोक अर्धा-एक मिमी मोठंच पडतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक पाडून ग्लास घालून बघा. पट्टीखाली फालतू फळी ठेवा, दोन शिकंजे लावा, ड्रिलला बाजूची मूठ बसवा. होल सॉ अडकला की ड्रिल मनगट पिरगाळतं, आणि सागात तो अडकतोच. वेग कमी ठेवा. धूर दिसला तर थांबा, दातांमधला भुसा काढा, मग पुढे. मधलं बारीक ड्रिल खालून डोकावलं की थांबून पट्टी उलटी करा आणि उरलेलं त्या बाजूने कापा. एकाच बाजूने आरपार गेलात तर खालच्या कडेच्या चिपा उडतात. सागात बारीक वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे कटरचे दात लवकर बोथट होतात. चौथं भोक पहिल्यापेक्षा जास्त जळालं तर दोष हाताचा नाही.

भोकाच्या आतला काळेपणा आता घासून काढायचा, चिकटवल्यावर नाही. ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि आत फिरवा. जळगावात पाइपचा तुकडा मागायला लांब जावं लागत नाही.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल मरीन किंवा तसाच पाण्याला टिकणारा गोंद घ्या. साधा पांढरा ओलाव्याने मऊ पडतो. जुना साग तेलकट असतो, म्हणून दोन्ही चिकटणारे भाग थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर उडाला की लगेच गोंद लावा. पातळ, सगळीकडे सारखा, भोकाच्या काठापासून ५ मिमी सोडून, नाहीतर दाबल्यावर खाचेत उतरतो. गोंद ओला असताना पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंचा जो भाग पुढे कापून जाणार आहे तिथे दोन बारीक खिळे ठोका, म्हणजे जागा पक्की राहते. मात्र कापण्याआधी ते उपटायची आठवण ठेवा. शिकंजे कमी असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, चांगल्या दाबतात. हे काम उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. दुपारी बाराला पत्र्याखाली गोंद लावलात तर पट्टी ठेवेपर्यंत त्यावर साय येते आणि जोड वरवरचा होतो. खाचेत उतरलेला गोंद अर्ध्या-पाऊण तासाने रबरासारखा झाला की पटाशीच्या टोकाने उचला. मग चोवीस तास हात लावू नका.

दांडा ३६ मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी ३२-३२ जाणार. अंग आणि दांडा मिळतात तो कोपरा काटकोनी ठेवलात तर तडा तिथूनच जातो. कोपऱ्यात आधी २५ मिमीचं भोक पाडा आणि करवतीचे दोन्ही काप त्या भोकात आणून सोडा. आपोआप गोलाई मिळते, जिगसॉची गरज नाही. या मानेत गाठ येता कामा नये, आखणीच्या वेळीच पट्टी उलटसुलट करून बघा. दांड्याच्या शेवटी, टोकापासून २५ मिमीवर, टांगायला १० मिमीचं भोक. कडा कानशीने मोडा, खाचांच्या कडा हलक्याच.

घासणं ८०, १२०, १८० असं चढत. मग ओल्या फडक्याने सगळं पुसा. वाळल्यावर हाताला तूस लागेल, ते २२० ने उतरवा. ही पायरी गाळली तर पहिल्यांदा बिअर सांडल्यावर ते उठतंच. तेल लावण्याआधी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने खाचांसमोर १ ते ४ आकडे डागा. शोभेपुरते नाहीत ते: फिकट-सौम्य बिअर आधी, कडू आणि काळी शेवटी, असाच क्रम लागतो. काळी स्टाउट आधी प्यायलात तर फिकट लागरची चवच लागत नाही.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे: मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) नको. दिसतं झकास, पण खाचेच्या कडेला ग्लास आपटून पापुद्रा फुटतो, पाणी आत शिरतं आणि खाली पांढरे डाग पडतात. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ होण्यासाठी देतात तेच. ते फडक्याने भरपूर लावा, अर्ध्या तासाने पुसा, रोज एकदा असं तीन-चार दिवस. दोन्ही टोकं आणि खाचांच्या भिंती जास्त पितात, तिथे दुप्पट द्या. शेवटी ८० ग्रॅम पॅराफिनमध्ये २० ग्रॅम मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा (थेट आचेवर नाही) आणि थंड झाल्यावर चोळा. घरात शेंगदाणा तेलाचा डबा आहे म्हणून ते लावू नका. ते वाळत नाही, महिनाभरात खवट होतं, आणि बिअरचा अर्धा स्वाद वासातच असतो. त्याच कारणाने कडुनिंबाचं तेलही नको. जवसाचं कच्चं तेल चालतं, पण वाळायला आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ तेलात धातूची सुकवणं (तेल लवकर वाळवणारी द्रव्यं) मिसळलेली असतात, ते टाळा. आणि जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. पाण्यात बुडवून टाका, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.

घरात बिअरचं नाव काढायची सोय नसेल, तर हेच पॅडल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार तऱ्हेच्या पन्ह्यांसाठी बाहेर काढता येतं. कुणी विचारणार नाही.

वापरल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. बिअर चिकट असते, खाचेत राहिली तर बुरशी धरते. बादलीत भिजत घालू नका आणि गच्चीवर उन्हात वाळत टाकू नका, वरची बाजू आटून पॅडल वाकतं. सावलीत खिळ्याला टांगा. उन्हाळ्यात ग्लास अडकलाच तर तोंडाला धरून ओढू नका, काठ हातात येतो. बुडाजवळ दोन बोटांनी धरून हळूहळू फिरवत वर काढा, आणि लगेच, लाकूड आटलेलं आहे तोवरच, पाइपला कागद गुंडाळून ती खाच दोन्ही बाजूंनी, रुंदीच्या दिशेने, थोडी मोकळी करून घ्या. मग त्या जागी पुन्हा तेल.