डिग्री फॉरेनची, पण राहायचं इथेच

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सांगलीचे. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. मुंबईत फॉरेनच्या युनिव्हर्सिट्या येणार म्हणून ऐकल्यापासून तिने ध्यास घेतलाय, म्हणते लंडन परवडत नाही ना, मग इथे तरी घाला, नंतर तिकडे जॉब लागेलच. ह्यांचं म्हणणं रानाचा तुकडा विकू. पण ही डिग्री खरी असते का हो?
– एक आई

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे तो तुकडा एवढ्यात विकू नका.

डिग्री खरीच असते. यूजीसीच्या (म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे ती मूळ युनिव्हर्सिटीच्याच नावाने नि शिक्क्याने मिळते आणि तिकडच्या डिग्रीइतकीच मानली जाते. (गल्लीबोळात 'इंटरनॅशनल'ची पाटी लावून बसलेल्यांशी घोळ करू नका, फ्रँचायझी चालवायला या नियमांत बंदी आहे.)

घोडं अडतं ते 'तिकडे जॉब' इथं. शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये थांबून काम करायचा जो ग्रॅज्युएट व्हिसा आहे तो तिथे राहून शिकलेल्यांना मिळतो, इथे बसून तीच डिग्री घेतली तर नाही. आणि खरं सांगू का, कर्ज काढून जाणारी निम्मी पोरं त्या व्हिसासाठीच जातात, कागदासाठी नाही! हे मुलीला आजच सांगा, एजंट सांगणार नाही.

फी युनिव्हर्सिटी स्वतः ठरवते, नियमात फक्त 'वाजवी आणि पारदर्शक' एवढंच लिहिलंय, आता वाजवी कुणाच्या हिशोबाने ते तुम्हीच बघा. ॲडमिशनची पद्धतही त्यांचीच, आरक्षणाचं बंधन नाही, स्कॉलरशिप त्यांच्या मर्जीवर.

जून 2025 मध्ये मुंबईत कॅम्पस काढण्यासाठी ब्रिटनच्या यॉर्क नि अबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची इलिनॉय टेक आणि इटलीची डिझाइनवाली आयईडी अशा पाच संस्थांना इरादापत्रं दिली. इरादापत्र म्हणजे साखरपुडा झाला म्हणा, लग्न नाही. पहिल्या बॅचला घाई का करू नये तर सिंगापूरचं बघा, 2007 ला ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीने तिथे मोठ्या थाटात कॅम्पस काढला, पोरं कमी आली आणि एका सेमिस्टरमध्ये गुंडाळला. उलट मलेशियात मोनॅश 1998 पासून आणि नॉटिंगहॅम 2000 पासून टिकून आहेत, म्हणजे सगळेच पळतात असंही नाही. आपल्याकडे कॅम्पस बंद पडला तर पोरांची सोय लावायची जबाबदारी युनिव्हर्सिटीवर टाकलीय, पण मधे वर्ष गेलं तर ते कोण भरून देणार?

गुरुग्रामला ब्रिटनच्या साउदॅम्प्टन युनिव्हर्सिटीचे वर्ग 2025 मध्ये सुरू झालेत, तिथल्या पोरांना गाठून विचारा की शिकवायला कायमचे मास्तर किती आणि महिनाभरासाठी येऊन जाणारे किती.

अजून एक, सुरुवातीला आलेल्यांचा भर कॉम्प्युटर, बिझनेस, फायनान्स असल्या कोर्सवरच आहे, लॅबचा खर्च कोण करणार! तुमची मुलगी सायन्सची, तिला नक्की शिकायचंय काय ते पत्रात कुठेच नाही. ते कळवा, मग पुढचं बोलू. तोवर सीईटीचा फॉर्म भरून ठेवा.