जत्रेची रांग नेमकी कुठे तुंबते?

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या आमच्या देवळाच्या जत्रेला संध्याकाळी सहा हजारांपर्यंत माणसं येतात. दार १.२ मीटर रुंद, पुढे जांभ्याच्या पायऱ्या. दार रुंद करावं का?

उत्तर : दाराला हात लावू नका. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात, म्हणजे तुमच्या दारातून पंचाण्णवेक. गाभाऱ्यापुढे मात्र प्रत्येकजण ३ सेकंद थांबला तरी एका रांगेतून मिनिटाला २०च सुटतात. दार रुंद केलंत तर सभामंडपच ठासून भरेल. त्यापेक्षा दर्शनाच्या दोन रांगा करा, सहा हजारांना अडीच तास लागतील. बाहेर पडायची वाट वेगळी हवीच. आत-बाहेर एकाच दाराने, हे चालायचं नाही.

दर चौरस मीटरला पाचपेक्षा जास्त माणसं झाली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मागच्यांना पुढचं दिसत नाही, म्हणून ते ढकलतात. त्यामुळे रांग थांबवायची ती शेपटाकडून, अंगणाच्या तोंडाशी. एक स्वयंसेवक माचावर उभा करा, ध्वनिक्षेपक त्याच्याच हाती द्या. बांबूच्या कठड्याला मध्येमध्ये बाहेर उघडणारी फाटकं ठेवा आणि त्यांना कुलूप नको.

नारळ पायऱ्यांवर फोडू देऊ नका. २००५ साली मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली आणि चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक जीव गेले. शेवाळलेला जांभा तर आधीच निसरडा. आठवडाभर आधी घासून घ्या. खाजाची दुकानं बाहेरच्या वाटेपासून लांब. दशावतार सुरू व्हायच्या तासभर आधी दर्शन आटोपतं घ्या, नाहीतर दोन्ही गर्दी अंगणात एकमेकींना भिडतील.